इंटर्नसाठी भुलेतल्या आणीबाणीचं सिम्युलेशन: पहिली पाच मिनिटं कशी शिकवायची?

सह्यवासी

२०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, स्किल्स लॅब सक्तीची झाली. पण बहुतेक ठिकाणी भूलशास्त्राचं प्रशिक्षण पुतळ्याच्या घशात ट्यूब टाकण्यावरच थांबतं. ट्यूब टाकता येणं आणि आणीबाणी हाताळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाँडवर ग्रामीण रुग्णालयात जाणाऱ्या डॉक्टरला सिझेरियनच्या टेबलाशी उभं राहावं लागतं. पुढे एलएसएएसचं (एमबीबीएस डॉक्टरला जीवरक्षक भूल द्यायला शिकवणारं) प्रशिक्षण घेतलं तर स्पायनलही, म्हणजे कण्यातून द्यायची भूलही, त्यालाच द्यायची असते. त्याला पूर्ण भूलतज्ज्ञ करायचं नाही. बिघाड ओळखणं, हाक मारणं, ऑक्सिजन देणं आणि पहिलं औषध बरोबर मात्रेत भरणं, एवढं पाच मिनिटांत जमलं पाहिजे.

इंटर्नसाठी मी चार प्रसंग सुचवतो: हाय स्पायनल (कण्यातली भूल गरजेपेक्षा वर चढणं), ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी), स्थानिक भुलेच्या औषधाची विषबाधा आणि ट्यूबही जात नाही, हवाही जात नाही अशी अवस्था. पहिला प्रसंग सविस्तर देतो, बाकीच्यांवर तुम्ही लिहा.

रुग्ण: २६ वर्षं, ६२ किलो, तातडीचं सिझेरियन. ०.५ टक्के हेवी बुपिवाकेन २ मिली देऊन पाच मिनिटं झालीत. सुरुवात बीपी ११८/७४, नाडी ९६, सॅच्युरेशन ९९.

प्रसंगाच्या दुसऱ्या मिनिटाला रुग्ण म्हणते, "मळमळतंय." बीपी ८४/४६, नाडी ५८.

चौथ्या मिनिटाला "हाताला मुंग्या येतायत", आवाज कुजबुजल्यासारखा, हाताची पकड ढिली. बीपी ६८/३६, नाडी ४४, सॅच्युरेशन ९३. पुतळ्याला आवाज देणाऱ्याने वाक्यं तोडत बोलायचं, कारण एका श्वासात किती शब्द निघतात हीच इथली खूण आहे.

तोवर ऑक्सिजन, गर्भाशय डावीकडे सरकवणं, सलाइन मोकळं सोडणं, नाडी वाढवणारं ॲट्रोपिन ०.६ मि.ग्रॅ. आणि बीपी चढवणारं मेफेंटरमिन ६ मि.ग्रॅ. एवढं झालं असेल तर दोन मिनिटांत आकडे सावरू द्यायचे. नसेल तर सहाव्या मिनिटाला श्वास थांबतो, शुद्ध जाते, आणि एम्बू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हातात घेणं भाग पडतं.

इथे तीन चुका हमखास दिसतात. पहिली, बीपी पडलं म्हणून टेबलाची डोक्याकडची बाजू खाली करणं. हेवी औषध अजून स्थिरावलेलं नसतं, ते आणखी वर सरकू शकतं. पाय उचला, टेबल तसंच ठेवा. दुसरी, नाडी ४४ असताना फिनाइलेफ्रिन देणं. त्याने बीपी चढतं, पण नाडी प्रतिक्षेपाने आणखी उतरते. संथ नाडीत मेफेंटरमिन किंवा एफेड्रिन बरं, आणि त्यालाही दाद मिळाली नाही तर १० ते ५० मायक्रोग्रॅम ॲड्रेनालिन. तिसरी चूक म्हणजे रुग्णाशी बोलणंच थांबवणं. ती घाबरली आहे असं समजून "काही नाही होत" म्हणत राहिलं की पकड तपासायचं राहून जातं.

प्राजक्त

प्रसंग उत्तम बांधलाय. पण ज्या कॉलेजकडे श्वास घेणारा, डोळ्याची बाहुली विस्फारणारा महागडा पुतळा नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न लगेच येईल. या प्रसंगाला तसा पुतळा लागतच नाही. सीपीआरचा साधा पुतळा, खाली दडवलेला छोटा स्पीकर किंवा पडद्यामागे बसलेला माणूस, आणि मॉनिटर म्हणून लॅपटॉप एवढं पुरतं. दुसऱ्या फोनवरून आकडे बदलता येतील असं कुठलंही मॉनिटर ॲप चालतं.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको, ती म्हणजे आवाज. सॅच्युरेशन उतरतं तसा पल्स ऑक्सिमीटरचा सूर उतरतो. प्रत्यक्ष ओटीत (शस्त्रक्रियागृहात) पाठ वळलेली असताना बिघाड कळतो तो याच सुरावरून. सूर बंद ठेवून घेतलेल्या सिम्युलेशनमध्ये मुलं पडद्याकडे टक लावून बसतात, आणि तीच सवय घेऊन जातात.

शिरेत औषध खरोखर जायला हवं. पुतळ्याच्या हातावर कॅन्युला चिकटवून तिची नळी टेबलाखालच्या रिकाम्या सलाइनच्या पिशवीत सोडा. "दिलं" असं नुसतं तोंडाने म्हटलेलं औषध दिलेलं धरायचं नाही. ॲम्प्यूल शोधणं, फोडणं, ओढणं, पातळ करणं, सोडणं यात जो वेळ जातो तो त्यांना दिसला पाहिजे.

कोरांटी

प्राजक्त, शेवटच्या मुद्द्याला अगदी दुजोरा. ओटी नर्सिंगच्या बाजूने सांगते, मुलं निदान करतात पण औषध भरताना अडखळतात. सगळ्यात घातक चूक म्हणजे ॲड्रेनालिनची दहापट.

आपल्याकडे ॲम्प्यूल १ मिलीची, आत १ मि.ग्रॅ., म्हणजे एकास हजार. ॲनाफिलॅक्सिसमध्ये प्रौढाला स्नायूतून ०.५ मि.ग्रॅ. म्हणजे न पातळ केलेलं अर्धा मिली, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला. गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. इंटर्नने हाच मार्ग पक्का करावा.

शिरेतून द्यायचं तर मॉनिटर लावलेला हवा आणि सवयीचा हात हवा. तिथे पहिली मात्रा ५० मायक्रोग्रॅम. १ मिलीची ॲम्प्यूल ९ मिली सलाइनमध्ये घातली की दर मिलीला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे द्यायचं अर्धा मिली. गोंधळ नेमका इथे होतो: दोन्हीकडे आकडा "अर्धा मिली"च, सिरिंज वेगळी. न पातळ केलेलं अर्धा मिली शिरेत गेलं तर दहापट मात्रा झाली, आणि मग बीपी २४० आणि ठोके बेताल. म्हणून पातळ केलेली सिरिंज १० मिलीची, न पातळ केलेली २ मिलीची, आणि दोन्हींवर लेबल सुई लावण्याआधी. लेबलवर औषधाचं नाव आणि दर मिलीला किती, दोन्ही लिहायचं. नुसतं "ॲड्रे" लिहिलेली सिरिंज परत करायची.

मेफेंटरमिनचंही तसंच. व्हायलमध्ये दर मिलीला ३० मि.ग्रॅ. असतं. १ मिली ओढून १० मिली केलं की दर मिलीला ३, मग ६ मि.ग्रॅ. साठी २ मिली. फिनाइलेफ्रिनची ॲम्प्यूल १० मि.ग्रॅ.ची, ती थेट १०० मिलीच्या सलाइनमध्ये: दर मिलीला १०० मायक्रोग्रॅम. या तिघांचं भरणं प्रसंगाच्या आधी वेगळ्या टेबलावर अर्धा तास करून घ्या. घड्याळ लावून.

दूरदेशी

इकडे यूकेत भुलेतल्या ॲनाफिलॅक्सिसचा राष्ट्रीय आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक वेळा कारण ठरली ती अँटिबायोटिक्स. म्हणून प्रसंगाची सुरुवात "अँटिबायोटिक दिलं, दोन मिनिटं झाली" अशी केली तर ती वास्तवाला धरून होते. आणि पुरळ दाखवू नका. झाकलेल्या रुग्णाच्या अंगावरचं पुरळ कुणाला दिसत नाही. बीपी पडतंय, हवा ढकलायला दाब जास्त लागतोय, कॅप्नोग्राफची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) लाट तिरपी होतेय, एवढ्यावरून संशय यावा. चादर उचलून पाहिली तरच पुरळाचं चित्र हातात द्यायचं.

दुसरी सूचना कॅप्नोग्राफची. ट्यूब टाकल्यावर कार्बन डायऑक्साइडची सलग लाट दिसत नसेल तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असंच धरायचं, तसं नसल्याचं सिद्ध होईपर्यंत. छातीला स्टेथोस्कोप लावून "आवाज येतोय" म्हणणारा माणूस प्रसंगात मुद्दाम ठेवा. तो ज्येष्ठ असावा. विद्यार्थी लाटेवर विश्वास ठेवतो की ज्येष्ठाच्या शब्दावर, ते पाहायचं. हृदय बंद पडलेल्या रुग्णातही सीपीआर चालू असताना लाट दिसते, बुटकी असली तरी दिसते. "हृदय बंद म्हणून लाट नाही" ही समजूत तिथेच मोडायला हवी.

अनिकेत_भू

चौथ्या प्रसंगावर लिहितो. आपल्याकडे अखिल भारतीय डिफिकल्ट एअरवे असोसिएशनची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांचा गाभा प्रयत्न मोजण्यात आहे. ट्यूबचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन, तेही सॅच्युरेशन ९५ च्या वर असेपर्यंत. मग आय-जेलसारखं स्वरयंत्रावर बसणारं साधन, त्याचे दोन प्रयत्न. मग मास्क. तेही फसलं तर मानेतून रस्ता. प्रसंगात एका व्यक्तीचं काम फक्त मोठ्याने मोजण्याचं ठेवा: "दुसरा प्रयत्न संपला. सॅच्युरेशन ९४." हे कुणी म्हणत नाही तोवर लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं उपकरण) धरलेला माणूस चौथा, पाचवा प्रयत्न करत राहतो. त्याला वेळ जाणवत नाही, आणि दर प्रयत्नागणिक सूज वाढते, रक्त येतं, मास्कनेही हवा जाईनाशी होते.

क्रायकोसाठी, म्हणजे मानेतून रस्ता करण्याच्या सरावासाठी, बकऱ्याची श्वासनलिका स्वरयंत्रासकट खाटकाकडून आणावी. आदल्या दिवशी सांगितलं की मिळते. लाकडी पाटीवर दोन टोकांना खिळवून वर फोमचा थर आणि रुंद चिकटपट्टीची कातडी. बकरा चालत नसेल तिथे भुलेच्या सर्किटची जुनी पन्हाळीदार नळी वापरा. दोन कड्यांमधली खाच तेवढी नीट लागत नाही, पण हाताचा क्रम बसतो.

क्रम असा. डाव्या हाताने स्वरयंत्र दोन्ही बाजूंनी धरून तर्जनीने स्वरयंत्राच्या कड्यांमधला पडदा शोधायचा. १० नंबरच्या ब्लेडने आडवा छेद, ब्लेड आतच ठेवून धार पायाकडे वळवायची, ब्लेडच्या कडेने बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी) आत, १० ते १५ सेंटिमीटर. मग जेली लावलेली ६ नंबरची कफवाली ट्यूब बूजीवरून फिरवत न्यायची, कफ फुगवायचा, कॅप्नोग्राफ. बूजी जायच्या आधी ब्लेड काढलं की छेद हरवतो. सर्वांत जास्त वेळा फसतं ते इथेच. मान जाड असेल, पडदा हाताला लागत नसेल, तर आधी मध्यरेषेवर ८ ते १० सेंटिमीटरचा उभा छेद आणि बोटांनी ऊती बाजूला. फोमखाली लाल शाई घातलेली सलाइनची पिशवी ठेवा, म्हणजे रक्तात काही दिसत नाही आणि बोटावर भिस्त ठेवावी लागते.

इंटर्न हे एकट्याने करेल अशी अपेक्षा नाही. पण कुणीतरी "क्रायको" म्हणाल्यावर ब्लेड, बूजी आणि ट्यूब या तीन वस्तू न विचारता त्याच्या हातात आल्या पाहिजेत.

गारवा

स्थानिक भुलेच्या विषबाधेचा प्रसंग इंटर्नला खरंच हवा का? त्यावरचा उतारा असलेलं लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचा स्निग्ध द्राव) किती ठिकाणी असतं?

सह्यवासी

गारवा, हवाच. नर्व्ह ब्लॉक तर आहेतच, पण लिग्नोकेन टाके घालतानाही भरपूर वापरलं जातं, तिथे भूलतज्ज्ञ नसतोच. साधं लिग्नोकेन किलोला ३ मि.ग्रॅ. हा आपला सावध आकडा. ५० किलोच्या बाईला १५० मि.ग्रॅ., म्हणजे २ टक्क्यांचं साडेसात मिली. दोन्ही हातांच्या जखमा शिवताना हा आकडा कधी ओलांडला ते कळत नाही. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, मग बडबड, मग झटका, असा क्रम. बुपिवाकेनमध्ये झटक्याची वाट न पाहता थेट ठोके बिघडू शकतात.

लिपिडचं गणित विद्यार्थ्याने फळ्यावर करावं. २० टक्के इमल्शन, किलोला १.५ मिली, एका मिनिटात. ५० किलोला ७५ मिली. ५० मिलीची सिरिंज दीड वेळा भरावी लागते, हे हाताने केल्याशिवाय समजत नाही. मग तासाला किलोमागे १५ मिली, म्हणजे मिनिटाला साडेबारा मिली. सुधारणा नसेल तर पाच मिनिटांच्या अंतराने आणखी दोन वेळा तोच बोलस (एकदम द्यायची पहिली मात्रा), आणि धार दुप्पट. एकूण मर्यादा किलोला १२ मिली, इथे ६००. म्हणजे २५० मिलीच्या तीन बाटल्या लागू शकतात. ॲड्रेनालिन इथे नेहमीचं १ मि.ग्रॅ. नाही, किलोला १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी. प्रोपोफॉल पांढरं दिसतं म्हणून ते लिपिडची जागा घेत नाही, त्याने हृदय आणखी मंदावतं.

"कुठे मिळतं" हाच प्रसंगाचा भाग करा. बाटली बहुधा एनआयसीयूत (नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात) किंवा औषध भांडारात असते. धावणाऱ्याला खरंच तिथपर्यंत पाठवा आणि वेळ मोजा. वेळ जास्त निघाला तर बाटली ओटीत आणून ठेवण्यासाठी तो आकडा प्रशासनापुढे मांडता येतो.

अनिकेत_भू

मॅलिग्नंट हायपरथर्मिया (काही भूलऔषधांमुळे शरीर घातक तापणं) मात्र इंटर्नच्या यादीत नको, तो पीजीसाठी ठेवा. फक्त मिसळण्याचं स्टेशन ठेवलं तर चालेल. त्यावरचं औषध डँट्रोलिन, त्याच्या जुन्या प्रकारात एका व्हायलमध्ये २० मि.ग्रॅ., त्यात ६० मिली निर्जंतुक पाणी, सलाइन नाही. ७० किलोला किलोमागे २.५ मि.ग्रॅ. म्हणजे १७५ मि.ग्रॅ., नऊ व्हायल, ५४० मिली पाणी. सहज विरघळत नाही, हलवत बसावं लागतं. त्यामुळे दोन-तीन माणसं फक्त याच कामाला लागतात. इंटर्नचा उपयोग तिथे असतो. ताप उशिरा चढतो, आधी चढतो तो कार्बन डायऑक्साइड, एवढं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

यंत्रविशारद

तुमच्या यादीत ऑक्सिजन पुरवठा बंद पडण्याचा प्रसंग नाही, तो पाचवा घ्या. पाइपलाइन मशीनपाशी सुमारे ४ बारला येते. भिंतीकडचा झडपेचा दांडा हळूच बंद केला की प्रसंग सुरू.

अपेक्षित कृती: राखीव सिलिंडर उघडणं, फ्लो कमी करणं, व्हेंटिलेटर वायूच्या दाबावर चालणारा असेल तर हाताने पिशवी दाबणं, आणि काहीच चाललं नाही तर एम्बूने खोलीतली हवा. खोलीच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे, रुग्ण त्यावर तग धरतो. डॉक्टर नुसता मशीनशी झगडत राहिला आणि रुग्णाला वायूच मिळाला नाही, तर धरत नाही.

यातला अवघड प्रकार म्हणजे पाइपलाइनमधून चुकीचा वायू येणं. दाब ठीक, अलार्म नाही, पण सॅच्युरेशन आणि ऑक्सिजन ॲनालायझर दोन्ही पडतायत. तिथे नुसता सिलिंडर उघडून भागत नाही. सिलिंडरचा वायू रेग्युलेटरमधून पाइपलाइनपेक्षा किंचित कमी दाबाने येतो, त्यामुळे मशीन पाइपलाइनचाच वायू घेत राहतं. होज (भिंतीतून मशीनकडे येणारी नळी) भिंतीतून उपटावीच लागते. विद्यार्थ्याने ती खरोखर उपटली पाहिजे, कारण तिचा लॉक सोडवायला पहिल्यांदा जमत नाही.

हे करताना मशीन रुग्णसेवेतून बाहेर काढलेलं असावं आणि नंतर पूर्ण तपासणी करूनच परत द्यावं.

वैशाखी

सगळे प्रसंगावर लिहितायत, पण शिकणं घडतं ते नंतरच्या चर्चेत. बारा मिनिटांचा प्रसंग तर चर्चा किमान पंचवीस मिनिटं. वेळ कमी पडला की आधी चर्चा कापली जाते. त्यापेक्षा एक प्रसंग कमी घ्या.

सुरुवातीची दोन मिनिटं फक्त "कसं वाटलं" यासाठी. हात थरथरत असताना विश्लेषण डोक्यात शिरत नाही. मग काय घडलं हे एकाने सांगायचं. मग मुद्दे दोन, फार तर तीन. "ऑक्सिजन का नाही लावलास?" या प्रश्नावर मुलगा एक तर माफी मागतो किंवा सबब सांगतो. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा, काळजी का वाटली ते सांगा, आणि विचारा: "चौथ्या मिनिटाला बीपी ६८ होतं आणि तू बीपीचा कफ पुन्हा लावायला सांगितलास. त्यात एक मिनिट गेलं. तेव्हा डोक्यात काय चाललं होतं?" मग उत्तर येतं, "मला वाटलं आकडा चुकीचा आहे." हे कळलं की पुढचं शिकवता येतं: आकडा वाईट असेल तर तो खरा माना, उपचार सुरू करा, कफ नंतर तपासा.

हाक मारण्याचा सरावही वेगळा घ्या. "कुणीतरी ॲड्रेनालिन भरा" म्हटलं की कुणीच भरत नाही. "सिस्टर, ॲड्रेनालिन अर्धा मिली, न पातळ करता, मांडीत द्या." "ॲड्रेनालिन अर्धा मिली, मांडीत, देते." "दिलं, दहा वाजून चार मिनिटं." ही तिन्ही वाक्यं ऐकू आली पाहिजेत. नाव माहीत नसेल तर डोळ्यात बघून "तुम्ही, निळ्या टोपीतले" म्हणा. फोनवरून भूलतज्ज्ञांना बोलावताना पहिलं वाक्य "सर, मी अमुक बोलतोय" एवढंच नको. "ओटी दोनमध्ये स्पायनलनंतर पेशंटचा श्वास थांबलाय, आत्ता या" हे आधी.

गारवा

पुतळा "मरू" द्यायचा का?

वैशाखी

इंटर्नच्या पातळीवर नाही. चुकांमुळे पुतळा मेला की पुढची चर्चा त्या मृत्यूभोवतीच फिरते आणि औषध कुठे चुकलं ते मागे पडतं. फार अडले तर सहाव्या मिनिटाला प्रशिक्षकाने "मदतीला आलेला डॉक्टर" म्हणून आत यावं आणि "मला काय हवंय ते सांगा" म्हणावं. पीजीसाठी मृत्यू ठेवायचा तर तो आधीपासून ठरलेला हवा, आणि नातेवाइकांशी बोलणं हा त्याचा दुसरा भाग हवा. हे गुण देण्यासाठी नाही, इथलं बाहेर जाणार नाही, हेही प्रसंगाआधी स्पष्ट सांगायचं आणि पाळायचं.

दूरदेशी

तपासयादी भिंतीवर असू द्या आणि ती वाचायला वेगळा माणूस नेमा. २०१३ मध्ये बोस्टनच्या एका अभ्यासात १७ ओटी टीमना १०६ सिम्युलेटेड आणीबाण्या दिल्या होत्या. यादी हाताशी असताना आवश्यक कृतींपैकी ६ टक्के राहून गेल्या, यादी नसताना २३ टक्के. ते ओटीत काम करणारे लोक होते. इंटर्नला आठवणीवर सोडण्याचं काही कारण नाही. फक्त यादी मोठ्या अक्षरात हवी आणि पहिल्या ओळीला "हाक मारा, १०० टक्के ऑक्सिजन" हवं.

सह्यवासी

सगळं जमेस धरून अर्ध्या दिवसाची आखणी: वीस विद्यार्थी, पाचांचे चार गट. पहिला तास औषध भरण्याचा आणि बूजी-ट्यूबचा. मग चार खोल्या, चार प्रसंग, दर खोलीत चाळीस मिनिटं: तीन मिनिटं ओळख, बारा मिनिटं प्रसंग, पंचवीस मिनिटं चर्चा. पाच भूमिका: म्होरक्या, वायुमार्ग, औषधं, यादी-वाचक व वेळ लिहिणारा, धावणारा. दर खोलीत भूमिका बदलायच्या. मोजायच्या फक्त तीन गोष्टी: हाक किती सेकंदांत, ऑक्सिजन किती सेकंदांत, पहिलं औषध बरोबर मात्रेत किती सेकंदांत. तीन महिन्यांनी तेच प्रसंग, रुग्ण बदलून. पाइपलाइनचा प्रसंग त्या वेळी.

औषधांसाठी मुदत संपलेल्या ॲम्प्यूल वापरता येतील का? कोरांटी, तुमचं मत?

कोरांटी

रिकाम्या व्हायल पाण्याने भरून चालतील, मुदत संपलेल्याही चालतील, पण ओटीच्या आत आणायच्या नाहीत. अमेरिकेत २०१४-१५ मध्ये प्रशिक्षणासाठी बनवलेलं सलाइन चुकून खऱ्या रुग्णांना दिलं गेलं होतं, ते निर्जंतुक नव्हतं आणि लोक आजारी पडले. म्हणून वेगळी लाल पेटी, प्रत्येक वस्तूवर "फक्त प्रशिक्षणासाठी, रुग्णाला देऊ नये" असं ठळक लेबल, आणि पेटी स्किल्स लॅबमध्ये कुलपात. बाहेर काढताना ॲम्प्यूल, व्हायल, सिरिंज मोजून वहीत लिहायच्या. परत ठेवताना पुन्हा मोजायच्या, फुटलेल्या काचेसकट. आकडा जुळेपर्यंत कुणीही खोली सोडायची नाही, ॲप्रनचे खिसेही तपासायचे, कारण भरलेली सिरिंज खिशात राहते आणि तीच मुलं दुपारी वॉर्डात जातात.